बालवाडीच्या बाईंचे गाणे



वसंत ऋतूतील या व्याख्यानमालेत आपण राज्यघटनेवर ऐकता, अर्थकारणावर ऐकता, ज्ञानेश्वरीवर ऐकता. त्या मानाने आमचा आजचा विषय फारच लहान आहे. उंचीनेच मोजायचे तर तो अडीच-तीन फुटांपेक्षा मोठा नाही. चिटणिसांनी विषयाचे नाव विचारले तेव्हा आम्ही ‘बालवाडीच्या बाईंचे गाणे’ असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणजे गाण्याचा कार्यक्रम का? तबलजी सांगून ठेवू?” तेव्हा आरंभीच खुलासा करतो की तबलजी आलेले नाहीत, आणि आम्ही गाणारही नाही. ज्यांनी आमचा आवाज ऐकला आहे ते या खुलाशाने निश्चिंत होतील.

आमचे बहुतेक आयुष्य बालवाडीच्या शिक्षिका तयार करण्यात गेले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर ज्या उभ्या राहणार, नव्हे, ज्या मुलांमध्ये खाली बसणार, त्यांना शिकवण्याचे ते काम. या कामात एक प्रश्न आमच्यामागे सतत राहिला. बालवाडीत गाणे पाहिजे, हे सर्वांना मान्य आहे. पण ते बाईंच्या गळ्यात येते कोठून? परीक्षेतून, पेटीतून, की तिच्या आईच्या मांडीवरून? वरवर पाहता हा प्रश्न साधा दिसतो. परंतु कोणाला बालवाडीत घ्यावयाचे आणि कोणाला परत पाठवायचे, हे त्याच्या उत्तरावर ठरते. ते ठरवण्यात एकदा आमच्या हातून मोठी चूक झाली. ती चूक आज आपल्यासमोर मांडावयाची आहे. पण तिचे मोल कळण्यासाठी आधी थोडे दूर जाऊन यावे लागेल.

बालवाडी या कल्पनेचा उगम आपण जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांच्यापाशी मानतो. १७८२ साली थुरिंगिया प्रांतातील एका डोंगरी खेड्यात, धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच आई गेली. वडील आपल्या कामात गुंतलेले, पुढे घरात सावत्र आई आली, आणि हे पोर एकटेच वाढले. आता पाहा, १८३७ साली ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढणारा, १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असे नाव देणारा हा मनुष्य १८४४ साली एक पुस्तक प्रसिद्ध करतो. ते पुस्तक काय असावे? शिक्षणशास्त्रावरील प्रबंध नव्हे. ते आयांनी मुलांना मांडीवर घेऊन म्हणावयाच्या गाण्यांचे पुस्तक होते. प्रत्येक गाण्यासोबत बोटांचा एक खेळ, एक चित्र आणि आईसाठी चार समजुतीच्या गोष्टी. आयुष्यात ज्याला आईचे गाणे मिळाले नाही, त्याने सगळ्या जगाच्या आयांसाठी गाणी बांधली.

ती गाणी काव्य म्हणून किंवा चाली म्हणून फार थोर होती असे त्यांचे चाहतेही म्हणत नसत. पुढे अमेरिकेत सुझन ब्लो या बाईंनी १८९५ साली त्या गाण्यांना नवे शब्द आणि नव्या चाली देऊन पुस्तक काढले, ते याच कारणाने. पण मुद्दा चालीच्या थोरवीचा नव्हता. खेडोपाडी आया मुलांशी जे सहज करतात, बोटे मोडतात, टाळ्या पिटतात, गुडघ्यावर बसवून झोके देतात आणि त्या झोक्याला शब्द जोडतात, तेच सर्व शिक्षणाचे बीज आहे, हे फ्रोबेलने ओळखले. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनांवर बंदी घातली. फ्रोबेलच्या पुतण्याची समाजवादी मते काकांच्या माथी मारून हा उद्योग झाला असे सांगतात. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले; बंदी १८६० पर्यंत राहिली. सरकारचा हुकूम कागदावर उतरला, पण आयांच्या तोंडच्या गाण्यावर कोणते सरकार बंदी घालणार?

येथे कोणी म्हणेल की, मग झाले तर! आईचे गाणे पुरेसे आहे, शिक्षण कशाला? याचे उत्तर इटलीत मिळते. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या संगीताच्या कामात अ‍ॅना मारिया माकेरोनी या सहकारिणीचा मोठा वाटा आहे. या बाई संगीत रीतसर शिकलेल्या होत्या. माँटेसरी शाळांतील घंटांचे साधन आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. सारख्या दिसणाऱ्या घंटांचे दोन संच असतात. एक संच जागच्या जागी ठेवायचा, दुसऱ्यातील घंटा मुलाने एकेक वाजवून पाहायची आणि जुळता सूर शोधून जोडीला लावायची. डोळ्याला काहीच फरक दिसत नाही, म्हणून सारे काम कानालाच करावे लागते. हे साधन निव्वळ मायेतून निघत नाही. त्यासाठी स्वरांचे पक्के ज्ञान लागते.

माँटेसरींची दुसरी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. त्यांच्याकडे शांततेचा खेळ असे. सर्व मुले हळूहळू अगदी निश्चल होत. मग बाई शेजारच्या खोलीत जाऊन, ऐकू येईल न येईल अशा कुजबुजत्या स्वरात, एकेका मुलाचे नाव घेत. ज्याचे नाव येई ते मूल पाय न वाजवता उठून बाईंकडे जाई. बाकीची आपल्या नावाची वाट पाहत बसत. चाळीस मुलांत शेवटी जिचे नाव येई तीही बसलेली असे. या माँटेसरीबाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या, महायुद्धामुळे येथेच राहिल्या, आणि मद्रासजवळ अड्यार येथे व कोडाईकनाल येथे त्यांनी शिक्षकांना शिकवले. तेव्हा त्यांचे काम आपल्याला परके नाही.

फ्रोबेलने मांडीवरचे गाणे घेतले, माँटेसरींनी कान तयार केला. हे दोन धागे एकत्र विणले ते हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी. यांचे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि हौसेने व्हायोलिन वाजवीत. गाड्यांच्या वेळा सांभाळून घरात गाणे-वाजवणे चाले. अशा घरातला हा मुलगा पुढे १९०५ पासून खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी टिपू लागला. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक मुलाला जशी बोलण्याची मातृभाषा असते तशी संगीताचीही असते, आणि ती म्हणजे आपल्या लोकांची गाणी. परकी भाषा मागाहून शिकावी, आधी ही. लहान मुलांना चार-पाच सुरांत मावणाऱ्या चाली द्याव्यात, आणि त्या वाद्यावर नव्हे तर गळ्याने द्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १९४१ साली त्यांनी खास बालवाडीतील संगीतावर निबंध लिहिला. त्याच्याही आधी, १९२९ साली, त्यांनी अशा आशयाचे लिहिले होते की राजधानीच्या संगीतनाटकगृहाचा संचालक कोण, यापेक्षा एखाद्या लहान गावात गाणे शिकवणारा मास्तर कोण, हे अधिक महत्त्वाचे आहे. संचालक वाईट निघाला तर त्याला वर्षभरात घालवता येते. मास्तर वाईट निघाला तर तो तीस वर्षे, मुलांच्या तीस तुकड्यांतून, गाण्याची आवड मारीत राहतो.

श्रोतेहो, हे वाक्य आम्ही वाचले तेव्हा आमची झोप गेली. कारण आम्ही तर मास्तरांचे मास्तर होतो!

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि गोष्ट, गाणे, नाटक यांना वर्गात मानाचे स्थान दिले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबादच्या टेकडीवर या दोघींनी जे काम केले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघरमधील, आदिवासी मुले शाळेत येईनात. कोणी धाकटे भावंड सांभाळीत होते, कोणी गुरे राखीत होते. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे जाईल, असे म्हणून अंगणात वर्ग भरला, कुरणावर वर्ग भरला. आज आपण अंगणवाडी हा शब्द सहज उच्चारतो, त्यात ते अंगण आहे.

अनुताईंची घडण कशी झाली? १९१० साली मोरगावचा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. ज्या वयात भोंडल्याचा फेर धरायचा त्या वयात समाजाने या मुलीला अशुभ ठरवले. तिने शिक्षण घेतले, नोकरी केली, रात्रशाळेत बसून १९३७ साली मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पुढे दुसऱ्यांच्या मुलांना बालपण मिळवून देण्यात आयुष्य घातले. फ्रोबेलची आठवण होते ती येथे. बालवाडीच्या शिक्षिकेची पूर्वपीठिका विचारायची ती अशी. किती यत्ता झाल्या हे तर विचारावेच. पण काय ऐकत वाढली, काय हरवून बसली आणि काय जपून ठेवले, हेही विचारावे.

महाराष्ट्रातील बाईने काय जपून ठेवले होते, याचा पुरावा आता छापील स्वरूपात आहे. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ती संख्या लाखावर गेली. गिरण्या आल्या आणि जाती अडगळीत गेली, तरी ओव्या बायकांच्या तोंडी उरल्या होत्या. या ओव्यांत राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी. चाल चार-पाच सुरांची. म्हणजे कोदायनी मुलांसाठी जी मागितली, जवळजवळ तितकीच. आमच्या भोंडल्याची, हादग्याची गाणी घ्या. त्यांचीही गोष्ट तीच. विद्वानांनी जे शोधून काढले ते आमच्या आज्यांच्या पदरात बांधलेले होते. आम्हांला मात्र ते दिसले नाही. कसे दिसले नाही, ते आता सांगतो.

गोष्ट १९८४ सालची. बालवाडीच्या शिक्षिकांच्या एका वर्गासाठी निवड चालली होती. संस्थेचे नाव सांगत नाही. दोष आमचा आहे, संस्थेचा नाही. निवड समितीत आम्ही होतो, आणि गाण्याचे गुण देण्यासाठी एक संगीतशिक्षक पेटी घेऊन बसले होते. सकाळी एक तरुण मुलगी आली. शहरातली, मध्यमा परीक्षा झालेली. तिने पेटी पुढे ओढून भूप गाइला, सुरेख गाइला. आम्ही मान डोलावली आणि पूर्ण गुण लिहिले.

तिच्यानंतर खेड्यातली एक बाई आली. सातवी पास, तिशीची, नवरा वारलेला. संगीतशिक्षकांनी विचारले, “गाता येते का?” ती म्हणाली, “गाणं नाही येत. आजी दळताना म्हणायची त्या ओव्या तेवढ्या येतात.” ते म्हणाले, “बरे, त्या म्हणा. कोणत्या पट्टीत म्हणता?” बाई गोंधळली. इकडेतिकडे पाहून म्हणाली, “पट्टी नाही आणली मी, सर. आणायला सांगितलं नव्हतं.”

आम्ही हसलो. सगळेच हसलो. ती बाईही कसनुशी हसली, पण त्यानंतर तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिच्या नावापुढे आम्ही ‘सूरज्ञान नाही’ असे लिहिले आणि सही केली.

दुपारी उमेदवारांनी मुलांसमोर पाठ घ्यायचे होते. तो भाग दुसऱ्या सभासदांकडे होता. आम्ही चहा घेऊन सहज व्हरांड्यात उभे राहिलो. मध्यमा झालेल्या मुलीने पेटी उघडली. मुलांना गाण्यापेक्षा भाता आवडला. दोघे-तिघे भात्याच्या घड्यांत बोटे घालू लागले. तिचे दोन्ही हात पेटीत गुंतलेले आणि डोळे पट्ट्यांवर. मुलांना तर तिचे हात हवे होते. पाच मिनिटांत वर्ग पांगला.

मग ती बाई आत गेली. पाठ कसा घ्यायचा हे तिला कोणी सांगितले नव्हते. कोपऱ्यात एक मूल घरच्या आठवणीने रडत होते. तिने त्याला जवळ घेतले, खाली बसली, आणि गोल गोल हात फिरवीत, जणू समोर जाते आहे अशी, ओवी म्हणू लागली. ओवीत तिने त्या मुलाचे नाव घातले. मूल रडायचे थांबून पाहू लागले. दुसऱ्या ओवीत शेजारच्या मुलीचे नाव आले. मग तिसरे. पांगलेली मुले सरकत सरकत जवळ आली. ज्याचे नाव माहीत नसे त्याला ती मान हलवून विचारी, ते सांगे, आणि ते नाव ओवीत जाई. सगळ्यांचे हात फिरू लागले. वर्गात वीस मुले होती. विसाव्या मुलाचे नाव येईपर्यंत पहिले मूल जागचे उठले नव्हते.

माँटेसरींच्या शांततेच्या खेळाबद्दल आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने देत होतो. नावाची वाट पाहणारे मूल कसे निश्चल बसते, हे फळ्यावर लिहून दाखवीत होतो. ती बाई तेच करीत होती. माँटेसरींचे नाव तिने ऐकले नसेल. ओवीच्या साच्यातच माणसाच्या नावासाठी जागा ठेवलेली असते, आणि तो साचा तिच्याजवळ होता.

संध्याकाळी यादी लागली. तिचे नाव त्यात नव्हते. गाण्याच्या गुणांत ती मागे पडली होती. आम्हांला बोलता आले असते. पण सही झाली होती, संगीतशिक्षक ज्येष्ठ होते, आणि सकाळी आपण हसलो हे चुकले असे चारचौघांत म्हणण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. बाई शेवटच्या एसटीने गेली. पुढे तिचे काय झाले, याचा आम्ही शोध केला नाही. हा दुसरा अपराध पहिल्याहून मोठा आहे.

त्या मध्यमा झालेल्या मुलीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे; नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. सातआठ वर्षांनी तिची शाळा पाहण्याचा योग आला. पेटी कपाटावर होती. बाई मुलांमध्ये बसून गात होत्या, आणि मुले सुरात गात होती. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, “पेटीने मुलं येईनात. मग आई धाकट्या भावाला न्हाऊ घालताना जे म्हणायची ते आठवून आठवून म्हणायला लागले. पण सूर कुठं ठेवायचा, ते मात्र शिकल्यामुळं कळलं.” आम्ही दोन माणसांत वाटून गुण देत होतो, आणि पाहिजे होत्या त्या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी.

सूर कोठे ठेवायचा, याचा अर्थ थोडा फोड करून सांगतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचा गळा लहान असतो. त्याला सोयीचा पल्ला साधारण पाच सुरांचा, पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत. मोठी माणसे आपल्या सोयीने खाली गातात. मग मूल बिचारे त्या खालच्या सुराशी झटापट करते, सूर सोडून नुसते बोलू लागते, आणि आपण म्हणतो की याला सूर नाही! खरे म्हणजे आपण त्याला जिना दिला आणि पहिली पायरी जमिनीखाली ठेवली. एवढे ज्ञान प्रत्येक शिक्षिकेला दिलेच पाहिजे. ते देण्यास वर्षे लागत नाहीत. मात्र गाण्याची ओढ वर्गात शिकवून येत नाही. ती घरून आणावी लागते. निवड करताना ओढ पाहावी आणि ज्ञान मागाहून द्यावे. आम्ही उलट केले.

आता दोन शंका आहेत. पहिली अशी की, आज मोबाइलवर हवे ते गाणे मिळते, सुरेल मिळते, चित्रासह मिळते. मग बाईंनी गाण्याची गरज काय? १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवले की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकण्यासाठी धडपडतात. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे उच्चार ऐकवले. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणारी बाळे ते भेद ओळखू लागली. तेच उच्चार चित्रफितीवरून किंवा ध्वनिफितीवरून ऐकणाऱ्यांना त्याचा काहीच लाभ झाला नाही. हा प्रयोग भाषेचा आहे, गाण्याचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण यंत्राची उणीव समजण्यास तो पुरेसा आहे. यंत्र मुलाकडे पाहत नाही. मूल दमले म्हणून ते लय उतरवीत नाही, आणि रडणाऱ्या मुलाचे नाव गाण्यात घालीत नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. जात्यावरची ओवी ही सुखाची कहाणी नाही. पहाटे उठून दळणाऱ्या बाईच्या कष्टाचे, सासुरवासाचे, माहेरच्या ओढीचे ते गाणे आहे. मुलगा हवा, मुलगी नको, असेही त्यात कोठे कोठे डोकावते. हे सगळे लहान मुलांना द्यावयाचे काय? आमचे उत्तर, नाही. जाते परत आणा असे आम्ही म्हणत नाही. ज्या बाईच्या खांद्यातून ते फिरले तिला विचारा, ती हात जोडील. शब्द निवडावेत, नवे बांधावेत, मैनेला राघूच्या बरोबरीने बसवावे. पण चाल ठेवावी, साचा ठेवावा, नावाची ती जागा ठेवावी. चांगले भांडे वाडवडिलांचे म्हणून टाकायचे नसते. त्यात आपण आजचे अन्न शिजवायचे असते.

शेवटी आपल्यापाशी मागणे. आज महाराष्ट्रात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिचा हा विस्तार. तेथील सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते. तिने मुलांचे वजन घ्यायचे, आहार वाटायचा, मातांना भेटायचे, आणि अलीकडे मोबाइलवर नोंदी भरायच्या. या सर्वांतून उरेल त्या वेळात गायचे. १९८४ साली परत गेलेल्या त्या बाईसारख्या कित्येकजणी आज तेथे असतील. त्यांच्याजवळ अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, वारली अशा कितीतरी बोलींतील गाणी आहेत, आणि ‘आम्हांला गाणं येत नाही’ असे त्या आजही सांगत असतील. कारण कधीतरी कोणीतरी त्यांना हसले आहे.

तेव्हा नातवंडाला बालवाडीत घालताना आपण फी विचारा, गाडी विचारा, इंग्रजी विचारा, हरकत नाही. पण आणखी एक विचारा. बाईंना म्हणा, “तुमच्या घरी कोण गात असे?” त्या संकोचून म्हणतील, “तसं काही नाही, आई म्हणायची थोडं.” तेथे थांबू नका. “ते म्हणून दाखवता का?” असे विचारा. आणि त्या म्हणू लागल्या की पट्टी विचारू नका.

आम्ही एकदा विचारली होती. तिचे उत्तर इतकी वर्षे झाली तरी कानात आहे.